डॅलसचा परवाना एडिसनला चालत नाही : अमेरिकेत पिस्तूल, चाकू आणि तलवार सोबत नेण्याविषयी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही डॅलसजवळ राहता. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर तुम्ही टेक्सासचा हँडगनचा परवाना काढला आणि एक पिस्तूल विकत घेतले. आता गणेशोत्सवासाठी धाकट्या भावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गाडीने निघायचे आहे. सोबत पत्नी आहे आणि आळीपाळीने गाडी चालवण्यासाठी मेहुणा आहे, जो एफ-१ व्हिसावर शिकतो आहे. रस्ता लांबचा आणि मुक्काम अनोळखी ठिकाणचे, म्हणून पिस्तूल जवळ असावे असे तुम्हाला वाटते. खिशात नेहमीचा घडीचा चाकू असतो, आणि भावाच्या मंडळाच्या मिरवणुकीसाठी दोन तलवारी व एक दांडपट्टाही डिकीत टाकायचा आहे. परवाना असताना अडचण कुठे येईल, हे तुम्हाला हवे आहे.

मी न्यू जर्सीत वीसहून अधिक वर्षे फौजदारी बचावाची वकिली करतो, त्यामुळे निष्कर्ष आधी सांगतो आणि कारणे नंतर. पिस्तूल टेक्सासच्या घरी, तिजोरीत, तुमच्याखेरीज कोणालाही न उघडणाऱ्या कुलपात ठेवून निघा. चाकू न्यायला हरकत नाही, पण तो कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे लागेल. तलवारींचे काम एका पत्राने सुटण्यासारखे आहे. ते पत्र मात्र निघण्यापूर्वी हातात हवे.

भारतातून आलेल्या माणसाचा गोंधळ कोठे होतो, हे मला पुरते ठाऊक आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम हा एकच केंद्रीय कायदा आहे. परवाना जिल्हाधिकाऱ्याने किंवा पोलीस आयुक्तांनी दिला तरी तो त्याच एका कायद्याखाली दिलेला असतो, आणि तो कोठपर्यंत चालतो हे परवान्यावरच लिहिलेले असते. शस्त्र बाळगणे ही तेथे सरकारने दिलेली सवलत आहे. अमेरिकेत याच्या उलट मांडणी आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला आहे, पण तो हक्क सार्वजनिक ठिकाणी कसा वापरायचा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. हक्क देशाचा आणि नियम राज्याचे, अशी ही विभागणी आहे. हक्काचे नाव ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि नियमात अडकतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांपैकी बहुतेकांची सुरुवात येथेच झालेली असते.

हा हक्क घराबाहेरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते फार अलीकडे. २००८ च्या हेलर खटल्यात घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य झाला, २०१० च्या मॅक्डोनल्ड खटल्याने तो राज्यांवरही बंधनकारक झाला, आणि २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची जुनी पद्धत रद्द झाली. त्या पद्धतीत अर्जदाराला आपल्याला पिस्तुलाची इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागे. तिचे मूळ १९११ च्या सलिव्हन कायद्यापर्यंत जाते. ब्रुएननंतर ‘आता सगळीकडे चालते’ असा समज पसरला. प्रत्यक्षात न्यायालयाने परवाना पद्धत रद्द केलेली नाही. परवाना देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका, एवढेच सांगितले. न्यूयॉर्कने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून नवा कायदा लागू केला, त्यात १६ तासांचे वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा केला आणि टाइम्स स्क्वेअरसह ठिकाणांची लांबलचक यादी निषिद्ध ठरवली. न्यू जर्सीनेही डिसेंबर २०२२ मध्ये तशाच वळणाचा कायदा केला. या याद्यांवर खटले चालू आहेत आणि त्यातली काही कलमे अधूनमधून स्थगित होतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणी दिलेल्या माहितीवर विसंबू नका. माझ्या या उत्तरालाही तोच नियम लावा आणि निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक राज्याच्या पोलिसांचे किंवा ॲटर्नी जनरलचे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचे) अधिकृत पान स्वतः पाहा.

दुसऱ्या टोकाला विनापरवाना राज्ये आहेत. व्हरमाँटने पिस्तूल बाळगण्यासाठी परवाना कधी मागितलाच नाही. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये तोच मार्ग धरला, टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, आणि २०२४ मध्ये दक्षिण कॅरोलिना व लुइझियाना आल्यावर अशा राज्यांची संख्या २९ झाली. तुम्ही ज्या राज्यातून निघणार ते या टोकाला आहे आणि जेथे पोहोचणार ते त्या टोकाला.

पण राज्यांचा विचार करण्याआधी गाडीत कोण बसले आहे ते पाहू. तुमच्या प्रश्नात तुम्ही मेहुण्याचा उल्लेख जाता जाता केला आहे; माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा धोका त्यालाच आहे.

संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१, आणि आईवडील सहा महिन्यांसाठी येतात तो बी-२, हे सगळे त्यात येतात. राज्याचा कायदा किती उदार आहे याचा येथे काहीही संबंध नाही. टेक्साससारख्या राज्यातही हा गुन्हाच राहतो. २०२२ च्या सुधारणेनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षांवर गेली आहे. याला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला सामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच : कोणत्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ऐकायला तो विचित्र वाटतो, पण कायद्यात तसेच लिहिले आहे. शनिवारी मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याने पिस्तूल घेणारी आणि संध्याकाळी त्याचे फोटो टाकणारी आपली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या खिशात शिकारीचा परवाना नसतो आणि असा काही नियम आहे हेही त्यांना माहीत नसते. हातात धरणे म्हणजेच ताबा. मालकीचा प्रश्नच येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला रेहाइफ खटला फ्लोरिडातल्या एका परदेशी विद्यार्थ्याचाच होता. महाविद्यालयाने काढून टाकल्यामुळे त्याचा मुक्काम बेकायदा झाला होता आणि तो रेंजवर जाऊन गोळीबार करून आला होता. आपल्याला अशी मनाई असलेल्या वर्गात आपण मोडतो हे आरोपीला माहीत होते, हे सरकारला सिद्ध करावे लागेल, असा निकाल त्यात लागला. बचावाला तो उपयोगी आहे; मात्र स्वतःचा व्हिसा कोणता हे प्रत्येकाला ठाऊक असतेच.

आता ताबा म्हणजे काय, ते पाहा. वस्तू हातात नसली तरी ती कोठे आहे हे माहीत असणे आणि ती हाताळण्याची क्षमता व इरादा असणे, यालाही कायदा ताबा मानतो. पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये, ते तेथे आहे हे मेहुण्याला माहीत, आणि तुम्ही मागे झोपलेले असताना तोच गाडी चालवतो आहे, असे चित्र सरकारी वकिलापुढे गेले तर त्याला फारसे काही करावे लागत नाही. न्यूयॉर्क राज्यात तर गाडीत पिस्तूल सापडले की ते गाडीतल्या सर्वांच्या ताब्यात होते असे कायदा आधी गृहीत धरतो, मोजके अपवाद सोडून. तसे नव्हते हे दाखवण्याचा खटाटोप मग आत बसलेल्यांना करावा लागतो. घरीही हाच नियम लावा. मेहुणा तुमच्या घरी राहतो आणि आईवडील येऊन राहतात, तेव्हा तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्यांना ठाऊक नसावा.

तुमची स्वतःची स्थिती वेगळी आहे. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. तुम्ही पिस्तूल कार्डानंतर घेतले, हे चांगले केले. पण नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यात एक फरक कायम राहतो. बंदूक बाळगण्याच्या किंवा सोबत नेण्याच्या बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या परदेशी व्यक्तीला, तिला येथे येऊन कितीही वर्षे झाली असली तरी, हद्दपार करता येते. गुन्हा किरकोळ की गंभीर, शिक्षा तुरुंगाची की नुसत्या दंडाची, याने त्या कलमाच्या दृष्टीने फरक पडत नाही. नागरिकाचे प्रकरण दंड भरून मिटते, तशाच प्रकरणात ग्रीन कार्डधारकाची इमिग्रेशन न्यायालयाची वारी सुरू होऊ शकते. म्हणून स्थानिक वकील ‘थोडक्यात मिटते आहे, कबूल करून टाका’ म्हणाला, तर इमिग्रेशनचा जाणकार पाहिल्याशिवाय सही करू नका. गुन्हा कबूल केल्याने हद्दपारीचा धोका येतो की नाही हे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिला खटल्यात ठरवलेलेच आहे. चाकूच्या गुन्ह्याला हे बंदुकीचे कलम लागत नाही, पण त्यामागे इजा करण्याचा हेतू धरला गेला तर वेगळी कलमे उभी राहतात.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला लोक लाजतात. न्यू जर्सीसह अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाला असला तरी संघराज्याच्या कायद्यात तो अजून निषिद्ध आहे आणि त्याचे सेवन करणाऱ्याने बंदूक बाळगणे हा तेथे गुन्हा आहे. पिस्तूल विकत घेताना भरायच्या फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारलेला असतो.

आता रस्ता. डॅलसहून आंतरराज्य महामार्ग ३० ने आर्कान्सा, पुढे ४० ने टेनेसी, मग ८१ ने व्हर्जिनिया, पश्चिम व्हर्जिनियाचा आणि मेरीलँडचा छोटासा तुकडा, पेनसिल्व्हेनिया, आणि ७८ ने न्यू जर्सी, हाच बहुधा तुमचा मार्ग असेल. आर्कान्सा, टेनेसी आणि पश्चिम व्हर्जिनिया विनापरवाना राज्ये आहेत. व्हर्जिनिया २०१६ पासून बाहेरच्या राज्यांचे परवाने मानत आली आहे, पण तेथील विधिमंडळात हा विषय सतत वादात असतो. पेनसिल्व्हेनिया परस्परमान्यतेच्या यादीवर चालते आणि ती यादी बदलते. मेरीलँड कोणत्याही बाहेरच्या राज्याचा परवाना मानत नाही. ८१ वर हॅगर्सटाउनजवळ ते राज्य जेमतेम १२ मैल लागते, गाडीने पंधरा मिनिटेही लागत नाहीत, पण ती पंधरा मिनिटे तुम्ही परवान्याविना असता. न्यू जर्सीही कोणाचाच परवाना मानत नाही. न्यूयॉर्क शहराची तर आणखी तऱ्हा : न्यूयॉर्क राज्यात इतरत्र मिळालेला परवानासुद्धा शहराच्या वेगळ्या मान्यतेविना तेथे चालत नाही.

या रस्त्यावर एक सापळा आहे आणि तो पुष्कळ परवानाधारकांनाही माहीत नसतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याची मनाई आहे. १९९० चा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुरुस्त करून तो पुढच्याच वर्षी परत आणला. परवानाधारकाला त्यातून सूट आहे, पण परवाना ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने दिलेला असावा लागतो. म्हणजे टेक्सासचा परवाना टेक्सासमधल्या शाळांपुरता कामाचा. टेनेसीत पिस्तूल बाळगायला राज्याला तुमच्याकडून काही नको असले तरी पेट्रोलसाठी महामार्ग सोडून गावात शिरलात आणि वाटेत शाळा लागली, तर संघराज्याच्या लेखी सूट राहत नाही. पिस्तूल रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असेल तर वेगळे. एवढ्याच कारणावरून खटला भरल्याची उदाहरणे विरळ आहेत हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या काही कारणाने तपास सुरू झाला की हे कलम यादीत येऊन बसते. विनापरवाना राज्यात राहूनही परवाना काढावा, असे मी लोकांना सांगतो त्यामागे हे एक कारण आहे.

तुम्ही म्हणाल, राज्यातून राज्यात बंदूक नेणाऱ्याला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा आहे असे ऐकले आहे. आहे, १९८६ चा. निघण्याच्या ठिकाणी आणि पोहोचण्याच्या ठिकाणी, दोन्हीकडे बंदूक बाळगणे तुम्हाला कायदेशीर असेल, ती रिकामी असेल, आणि ती व काडतुसे गाडीच्या प्रवासी भागातून हाताशी येणार नाहीत अशी ठेवलेली असतील, तर मधल्या राज्यांचे कायदे आड येत नाहीत. गाडीला स्वतंत्र डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते, आणि त्यासाठी ग्लव्ह बॉक्स किंवा पुढच्या दोन सीटांमधला कप्पा चालत नाही. मेरीलँडची पंधरा मिनिटे या कायद्याने सुरक्षित पार होतात. तुमचे अडते ते ‘पोहोचण्याच्या ठिकाणी’ या शब्दांवर. परवान्याशिवाय स्वतःच्या घरात आणि जागेत पिस्तूल ठेवायला न्यू जर्सीत मोकळीक आहे, पण भावाचे घर हे तुमचे घर नव्हे. अंतिम मुक्कामच बेकायदा म्हटल्यावर १९८६ चे संरक्षण मेरीलँडमध्येही सुटते. तुम्ही उत्तरेच्या मेन राज्याला निघाला असता आणि न्यू जर्सी नुसती वाटेत लागली असती, तर माझे उत्तर वेगळे आले असते.

हे संरक्षण किती अरुंद आहे, त्याचा दाखला आमच्याच न्यूअर्क विमानतळावरचा आहे. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी नियमाप्रमाणे सामानात कुलूपबंद पिस्तूल देऊन पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पुढचे विमान चुकले, सामान हातात मिळाले आणि रात्र न्यूअर्कच्या हॉटेलात काढावी लागली. सकाळी त्याने पुन्हा प्रामाणिकपणे काउंटरवर पिस्तूल जाहीर केले आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्याआधी त्याचे काही दिवस तुरुंगात गेले. त्याने भरपाईसाठी दावा केला तेव्हा २०१० मध्ये संघराज्याच्या तिसऱ्या सर्किटच्या (विभागाच्या) अपील न्यायालयाने तो फेटाळला : रात्री हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, त्यामुळे कायद्याची अट मोडली. विमान चुकले हा त्याचा दोष नव्हता हे न्यायालयालाही दिसत होते.

दुसरा दाखला २०१३ चा. फिलाडेल्फियाची एक महिला, दोन मुलांची एकटी आई, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेली, अटलांटिक सिटीच्या रस्त्यावर साध्या वाहतुकीच्या कारणासाठी थांबवली गेली. पोलिसाला तिने आपणहून सांगितले की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा परवाना. आपला परवाना डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सीत, चालत नाही हे तिला माहीत नव्हते. विनापरवाना पिस्तूल बाळगणे हा न्यू जर्सीत दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, ५ ते १० वर्षांचा, आणि ग्रेव्ह्ज कायद्याप्रमाणे त्यातला ठरावीक काळ पॅरोलशिवाय काढावाच लागतो. प्रकरण गाजले, २०१४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने अशा परराज्यातल्या प्रामाणिक परवानाधारकांबाबत सरकारी वकिलांना वेगळ्या सूचना दिल्या, आणि २०१५ मध्ये गव्हर्नरने तिला माफी दिली. त्या सूचनांचा आधार मी स्वतः अशिलांसाठी घेतला आहे. पण ती नागरिक होती. ग्रीन कार्डधारकाने माफीच्या भरवशावर डेलावेअर नदी ओलांडू नये. शिवाय न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन निषिद्ध आहे आणि पोकळ टोकाच्या काडतुसांवर वेगळी बंधने आहेत. टेक्सासच्या दुकानात स्वसंरक्षणासाठी सर्रास विकली जातात ती हीच. म्हणजे एका पिस्तुलामागे तीन आरोप उभे राहू शकतात.

तुमच्या स्वतःच्या राज्यातल्या पाट्यांविषयीही थोडे सांगतो, कारण आपल्या देवळांच्या विश्वस्तांकडून मला हा प्रश्न नेहमी येतो. टेक्सासमध्ये खासगी जागेचा मालक ठरावीक शब्दांची पाटी लावून पिस्तूल आणण्यास मनाई करू शकतो. कायद्यातल्या कलमांच्या आकड्यांवरून या पाट्यांना ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ म्हणतात : पहिली विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, दुसरी परवानाधारकाने झाकून आणण्याविरुद्ध, तिसरी परवानाधारकाने उघडपणे आणण्याविरुद्ध. मंदिराला सर्वांनाच मज्जाव करायचा असेल तर तिन्ही लावाव्यात, आणि त्या शोभेसाठी कोपऱ्यात न लावता दारावर, कायद्याने सांगितलेल्या मजकुरात आणि अक्षरांच्या मापात लावाव्यात. मद्यालयांवरची लाल ‘५१’ ची पाटी मालकाच्या मर्जीची नाही. तेथे मद्यविक्रीचे उत्पन्न निम्म्याहून अधिक आहे असा तिचा अर्थ, आणि परवाना असला तरी आत पिस्तूल नेणे गुन्हा आहे.

चाकूकडे वळतो. बंदुकीच्या कायद्यांत निदान काही केंद्रीय सूत्र आहे. चाकूंच्या कायद्यांत तेही जवळपास नाही. बटण दाबले की पाते बाहेर पडते अशा, आपल्या रामपुरीच्या जातीतल्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापाराविरुद्ध १९५८ चा एक केंद्रीय कायदा आहे. बाकी सगळे राज्यांवर आणि अनेक ठिकाणी शहरांवर सोडलेले आहे. त्यात तर्क शोधू नका. कॅलिफोर्नियात न मिटणाऱ्या पात्याचा खंजिरासारखा चाकू कपड्याखाली झाकून नेणे गुन्हा आहे आणि तोच कमरेला म्यानात उघड लटकवणे राज्याच्या कायद्याला चालते. न्यूयॉर्क शहरात उलट : चाकू उघड दिसेल असा बाळगणे हाच अपराध, आणि ४ इंच किंवा त्याहून लांब पात्याचा तर सार्वजनिक ठिकाणी नेताच येत नाही. खिशात क्लिपने अडकवलेल्या चाकूचे टोक पँटच्या बाहेर दिसले, एवढ्यावरून तेथे वर्षानुवर्षे सुतार, वीजतंत्री आणि गोदामातले कामगार पकडले जात. मनगटाच्या झटक्याने पाते उघडले की त्याला ‘ग्रॅव्हिटी नाइफ’ ठरवायचे, अशी पोलिसांची चाचणी होती, आणि झटक्याचा जोर पोलिसाच्या मनगटात असे. ते कलम अखेर ३० मे २०१९ रोजी रद्द झाले. मॅसॅच्युसेट्सची बटणाच्या चाकूवरची बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रुएनच्याच आधारे घटनाबाह्य ठरवली. न्यायालये आता चाकूलाही दुसऱ्या घटनादुरुस्तीतले शस्त्र मानू लागली आहेत, याचे ते ठळक उदाहरण.

न्यू जर्सीत घडीच्या साध्या चाकूसाठी पात्याच्या लांबीची सर्वसाधारण मर्यादा नाही. कायदा विचारतो ते असे : ज्या परिस्थितीत चाकू जवळ होता ती परिस्थिती वैध वापराशी जुळते का? खोकी फोडणाऱ्या, भाजी-फळे कापणाऱ्या किंवा मासेमारीला निघालेल्या माणसाला काही होत नाही. तोच चाकू रात्री दोन वाजता बारबाहेरच्या भांडणात खिशात सापडला तर अर्थ बदलतो. आणि ‘हा कशासाठी?’ या पोलिसाच्या प्रश्नाला ‘संरक्षणासाठी’ असे उत्तर दिले, की ज्याला अवजार म्हणता आले असते त्याला तुम्ही स्वतःच शस्त्र ठरवलेले असते. बटणाचे, झटक्याने उघडणारे चाकू आणि खंजीर यांच्याबाबत तर समजावून सांगता येईल असा वैध हेतू नसेल तर ताबा हाच गुन्हा होतो. तेव्हा अंगठ्याने उघडायचा साधा, छोट्या पात्याचा चाकू घ्या, तो खिशात पूर्ण आत ठेवा, आणि बटणाचा असेल तर घरी ठेवा. वाटेत संघराज्याच्या इमारतीत काम निघाले तर तेथे अडीच इंचांपेक्षा आखूड पात्याचा खिशातला चाकूच तेवढा चालतो, न्यायालयाच्या इमारतीत तोही नाही. येताना पत्नीला विमानाने यायचे झाले आणि भावजयीने विळी दिलीच, तर ती पाते गुंडाळून चेक-इनच्या सामानात टाका. हातातल्या सामानात विळी किंवा धारदार चाकू, पाते कितीही आखूड असले तरी, चालत नाही.

राहिल्या तलवारी. टेक्सासने १ सप्टेंबर २०१७ पासून साडेपाच इंचांहून लांब पात्याची वस्तू प्रौढांना बाळगायला मोकळी केली, पण शाळा, रुग्णालय, मनोरंजन उद्याने अशी ठिकाणे वगळून. गंमत अशी की महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम बहुतेक शाळांच्याच सभागृहात होतात, कारण ते स्वस्त मिळते आणि गाड्या लावायला जागा असते. शनिवार असला, शाळा बंद असली आणि सभागृहाचे भाडे भरलेले असले, तरी ती जागा कायद्याने शाळाच राहते, आणि शिवजयंतीचा पोवाडा म्हणणाऱ्याच्या कमरेची खरी तलवार हे शाळेत आणलेले शस्त्र ठरते. टेक्सास आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांच्या कायद्यांत यातून सुटायची वाट एकच आहे : संस्थेची लेखी परवानगी. सभागृहाच्या भाडेकरारात ती आपोआप येत नाही. शस्त्रांचे वर्णन, संख्या, तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव घालून वेगळे पत्र मागावे लागते. फोनवर ‘हो हो, आणा’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकाचा शब्द नंतर कामाला येत नाही.

मिरवणूक रस्त्यावर असेल तर तिच्या परवानगीच्या अर्जात लेझीम, ढोल आणि ध्वज यांच्याबरोबर तलवारी व दांडपट्टा यांचाही उल्लेख करा आणि स्थानिक पोलीस ठाण्याला प्रत द्या. आपल्याकडे अधिसूचित क्षेत्रात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, त्यामुळे मिरवणुकीत तलवार काढण्यापूर्वी विचारायची सवय जुन्या कार्यकर्त्यांना असते. येथे आल्यावर ती सवय का सुटते, मला कळलेले नाही. लाकडी किंवा धार नसलेल्या ॲल्युमिनियमच्या तलवारी वापरल्यात तर निम्मी काळजी मिटते, पण त्याही पत्रात लिहा, कारण पन्नास फुटांवरून पोलिसाला धार दिसत नाही. दांडपट्ट्याला मात्र हा पर्याय फारसा जमत नाही. त्याचे पाते लवचीक पोलादाचेच लागते आणि खेळही त्याच्या लवचिकतेवरच चालतो. म्हणून तो रिंगणात, ठरलेल्या अंतरावर, शिकलेल्या माणसाच्याच हाती द्यावा. गाडीत तिन्ही वस्तू गुंडाळून, बांधून, डिकीत सगळ्यांत खाली ठेवा आणि भावाच्या मंडळाचे निमंत्रण व परवानगीच्या पत्रांच्या प्रती सोबत ठेवा.

वाटेत पोलिसाने थांबवले तर हात स्टिअरिंगवर ठेवा, मागितलेली कागदपत्रे द्या आणि खोटे काहीही बोलू नका. पिस्तूल सोबत असते तर त्याविषयी आपणहून सांगायचे की विचारल्यावरच, हेही राज्यागणिक बदलते : मिशिगनमध्ये लगेच सांगावे लागते, टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितल्यावर परवानाही दाखवावा लागतो. ते घरी असल्याने हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. गाडी तपासू का असे विचारले तर नम्रपणे नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि नकार हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही. तलवारींविषयी विचारले तर पत्रे दाखवा. गणपतीची मिरवणूक म्हणजे काय हे एडिसनच्या पोलिसाला बहुधा समजावून सांगावे लागणार नाही, पण आर्कान्सात पाच मिनिटे जातील असे धरून चाला.

भावाला आजच सांगा की सभागृहाचे पत्र मागायला उद्यावर टाकू नकोस. शाळांची कार्यालये उन्हाळ्यात अर्धवेळच चालतात, आणि अशा पत्रावर सही करण्याआधी ते आपल्या वकिलाला विचारतात.